उष्णतेतून थेट वीज: नॅनोट्यूब आणि पॉलिमरच्या सांध्यांवर काय घडतं

बॉयलरहून निघालेली पाइपलाइन, पाश्चरायझरचं परतीचं पाणी, डिझेल जनरेटरचा रेडिएटर, सर्व्हरच्या मागून येणारी गरम हवा. या सगळ्यांतली उष्णता १०० अंशांच्या आसपास किंवा त्याखालची असते आणि बहुतेक वेळा तशीच हवेत सोडली जाते. इतक्या कमी तापमानावर टर्बाइन चालवणं परवडत नाही. पण एखाद्या वाहक पदार्थाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं, तर त्या दोन टोकांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो. थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये हा परिणाम नोंदवला, म्हणून दर अंश फरकामागे किती व्होल्टेज मिळतो त्या आकड्याला सीबेक गुणांक म्हणतात.

आज बाजारात मिळणारे थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेतून थेट वीज करणारे, ठोकळे बिस्मथ टेल्युराइडचे असतात. या पदार्थाची उपयुक्तता १९५४ मध्ये लक्षात आली आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याची जागा अजून कुणी घेतलेली नाही. त्याची अडचण वेगळी आहे. टेल्युरियम हे सोन्या-प्लॅटिनमच्या पंक्तीत बसेल इतकं दुर्मीळ, आणि त्याचे ठोकळे ठिसूळ. गोल पाइपवर गुंडाळता येत नाहीत, शाईसारखे छापता येत नाहीत. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, आणि वीजवाहक पॉलिमर यांचं मिश्रण शिरतं ते इथे: पाण्यात कालवायचं, ओतायचं किंवा छापायचं, वाळवायचं, आणि हवं तसं वाकवायचं.

एका सूत्रातली ओढाताण

थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची प्रत एका आकड्यानं मोजतात, त्याला झेडटी म्हणतात. सीबेक गुणांकाचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले केल्विनमधलं तापमान, आणि या सगळ्याला भागिले उष्णतावाहकता. यातल्या वरच्या भागाला, म्हणजे सीबेकचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता एवढ्याला, पॉवर फॅक्टर म्हणतात.

म्हणजे वीज सहज वाहावी, पण उष्णता वाहू नये. दोन्ही टोकांचं तापमान लगेच सारखं झालं तर व्होल्टेजच उरत नाही. गोम अशी की या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. विद्युतवाहकता वाढवायला डोपिंग करून, म्हणजे दुसरा पदार्थ थोडा मिसळून, विद्युतभार वाढवले की सीबेक गुणांक खाली येतो. शिवाय वीज वाहून नेणारे भार आपल्याबरोबर उष्णताही नेतात. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

आकड्यांत बघू. बिस्मथ टेल्युराइडचा सीबेक साधारण २०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, वाहकता १००० सिमेन्स प्रति सेंमी, उष्णतावाहकता १.५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. पॉवर फॅक्टर ४००० मायक्रोवॅट प्रति मीटर-केल्विन-वर्ग, झेडटी एकच्या जवळ. नॅनोट्यूब आणि पॉलिमरची नीट बनवलेली साधी फिल्म घेतली तर सीबेक ५०, वाहकता ५००. पॉवर फॅक्टर १२५. उष्णतावाहकता ०.७५ धरली तर झेडटी ०.०५.

गरम बाजू ७७ अंश आणि थंड बाजू २७ अंश असेल, तर झेडटी १ असलेला पदार्थ जास्तीत जास्त २.६ टक्के उष्णतेची वीज करतो. झेडटी ०.०५ असलेला करतो ०.२ टक्के. दोघांत तेरा-चौदा पटींचा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही या फिल्मवर काम करणं योग्य वाटतं, कारण फुकट जाणारी उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली असते आणि छापता येणारा पदार्थ मोठं क्षेत्र स्वस्तात झाकू शकतो.

दोन पदार्थ एकत्र का

वीजवाहक पॉलिमरची वाट १९७७ मध्ये आयोडीननं डोप केलेल्या पॉलिअ‍ॅसिटिलीननं उघडली. त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज सर्वांत जास्त वापरला जातो तो पेडॉट-पीएसएस. पेडॉट हा वीज वाहणारा भाग, तर पीएसएस हे त्याला पाण्यात तरंगत ठेवणारं आणि डोपही करणारं आम्लधर्मी पॉलिमर. प्रयोगशाळांत चालणाऱ्या एका नेहमीच्या प्रतीत घनपदार्थ १ ते १.३ टक्के असतो आणि पेडॉटच्या अडीच पट पीएसएस. वीज न वाहणारा भागच जास्त, त्यामुळे नुसती वाळवलेली फिल्म जेमतेम एक सिमेन्स प्रति सेंमी किंवा त्याहूनही कमी वाहकता देते. त्यात ५ टक्के डीएमएसओ हा द्रावक घातला की पेडॉटच्या साखळ्या सुट्या होऊन एकमेकींना भिडतात आणि वाहकता कित्येक शे पटींनी वाढते. सीबेक मात्र १५ ते २० वरच राहतो.

नॅनोट्यूबचं उलट. एका भिंतीच्या नळीचा व्यास एक ते दोन नॅनोमीटर, लांबी त्याच्या हजारो पट. एकट्या सुट्या नळीची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला ३५०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात मोजली गेली आहे, तांब्याच्या आठ-नऊ पट. या कामासाठी हा दोषच म्हणायला हवा. मग अशा नळ्या घातलेल्या फिल्मची उष्णतावाहकता एक-दोनच्या आत कशी राहते?

उत्तर सांध्यांत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही फिल्म ताटात पसरलेल्या शेवयांसारखी दिसते, एकीवर एक आडव्यातिडव्या पडलेल्या नळ्या. एका नळीतून दुसरीत जायचं तर तो सांधा ओलांडावा लागतो. उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनांतून जाते. दोन नळ्या तिथे रासायनिक बंधानं जोडलेल्या नसतात, नुसत्या टेकलेल्या असतात आणि मध्ये मऊ पॉलिमरचा थर असतो. कडक नळीतली कंपनं त्या मऊ थरात नीट उतरत नाहीत, सांध्यावरच विखुरतात. विद्युतभाराला मात्र दोन-चार नॅनोमीटरचा वाहक पॉलिमर पुरतो, तो त्यातून पलीकडे जातो. सांधा वीज सोडतो आणि उष्णता अडवतो. या मिश्रणाचं सगळं भांडवल एवढंच आहे, आणि पुढची प्रत्येक कृती या सांध्यांसाठीच आहे.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे फार सुबकपणे दाखवलं. त्यांनी वीज न वाहणाऱ्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचं इमल्शन घेतलं. वाळताना पॉलिमरचे गोळे एकमेकांना भिडले आणि नळ्यांना फक्त गोळ्यांच्या फटींत जागा उरली, त्यामुळे वीजवाहक जाळं आपोआप तयार झालं. २० टक्के नळ्या असतानाही उष्णतावाहकता फक्त ०.३४ राहिली, पण झेडटी ०.००६ एवढाच आला. २०१० मध्ये त्यांनी सांध्यांवर पेडॉट-पीएसएस आणला आणि ३५ टक्के नळ्यांना वाहकता ४०० सिमेन्स प्रति सेंमीपर्यंत गेली, झेडटी ०.०२ झाला. पुढच्या वर्षी ६० टक्के नळ्यांसह पॉवर फॅक्टर १६० पर्यंत पोचला. पॉलिअ‍ॅनिलीन या दुसऱ्या वीजवाहक पॉलिमरची वाटही चांगली आहे: नळीच्या पृष्ठभागावरच ते तयार केलं की त्याच्या साखळ्या नळीला धरून रांगेत बसतात आणि सांध्यावरचा अडथळा कमी होतो.

नळ्या निवडताना

बहुभिंती नळ्या स्वस्त असतात, पण त्या धातूसारखं वागतात आणि त्यांचा सीबेक कमी असतो. या कामाला एकभिंती किंवा दुभिंती घ्याव्यात. एकभिंतींतही सर्वसाधारणपणे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात. अर्धवाहक वेगळ्या काढल्या तर सीबेक १०० च्या वर जातो, पण वेगळ्या काढलेल्या नळ्यांची किंमत बघता त्या मोठ्या क्षेत्रासाठी आजतरी परवडत नाहीत.

कच्च्या भुकटीत लोह, कोबाल्ट, निकेल असे उत्प्रेरक धातू उरलेले असतात. ते किती आहेत हे थर्मोग्रॅव्हिमेट्रीनं, म्हणजे नमुना हवेत जाळून उरलेल्या राखेच्या वजनावरून, आधी बघून घ्यावं. नाहीतर “४० टक्के नळ्या” असं लिहिलेल्या फिल्ममध्ये प्रत्यक्षात ३० टक्केच असू शकतात.

कोरडी भुकटी उडते, आणि इथे हलगर्जी चालणार नाही. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं हवेतल्या नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी आधी ती ओलांडली जाते. वजन करणं फ्यूम हूडमध्ये किंवा बंद पेटीत, तोंडाला चांगल्या प्रतीचा रेस्पिरेटर, आणि सांडलं तर झाडूनं न लोटता ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं. एकदा पाण्यात गेल्यावर धोका बराच कमी होतो.

फिल्म कशी करायची

हिशेब २.५ सेंमी चौरस काचेसाठी. पेडॉट-पीएसएस ०.५ मिली घेतलं तर त्यात साधारण ५.५ मिग्रॅ घनपदार्थ येतो. फिल्ममध्ये ४० टक्के नळ्या हव्यात, तर नळ्या ३.७ मिग्रॅ. दोन्ही मिळून सुमारे ९ मिग्रॅ, वाळल्यावर जाडी १० ते ११ मायक्रॉन. फिल्म सच्छिद्र झाली तर याहून जास्त.

पॉलिमरची बाटली फ्रिजमध्ये ४ ते ८ अंशांना ठेवावी, पण गोठू देऊ नये. एकदा गोठलं की गुठळ्या होतात आणि त्या परत विरघळत नाहीत. वापरण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्यावं. गाळणं आधीच उरकायचं, कारण नळ्या घातल्यावर गाळलं तर त्या सगळ्या फिल्टरवरच अडकतात.

नळ्या, पॉलिमर आणि ३ मिली आयनमुक्त पाणी एकत्र करून प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी मिश्रण हलवणारी दांडी, लावावा. पाणी कमी पडलं तर मिश्रण घट्ट होऊन प्रोबभोवतीच ढवळलं जातं. भांडं बर्फात ठेवून काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असा अर्धा तास पुरतो. इथे दोन्हीकडून चूक होते. कमी केलं तर नळ्यांच्या मोळ्या सुटत नाहीत आणि फिल्ममध्ये काळे ठिपके दिसतात. जास्त केलं तर नळ्या तुटून आखूड होतात. तेवढ्याच अंतरात विद्युतभाराला जास्त सांधे ओलांडावे लागतात आणि वाहकता घसरते. मिश्रण एकसारखं काळं दिसलं, काचेच्या पट्टीवर थेंब पसरून बघितल्यावर कण दिसले नाहीत, की थांबावं.

पीएसएस स्वतःच नळ्यांना तरंगत ठेवतं, त्यामुळे वेगळा साबण शक्यतो घालू नये. साबणानं नळ्या फार छान सुट्या होतात हे खरं, पण वाळल्यावर तो नेमका सांध्यांवर बसतो आणि तो वीज वाहत नाही. घातलाच तर मिश्रण मेम्ब्रेनवर निर्वात गाळणीनं ओढून पाण्यानं भरपूर धुवावं लागतं.

शेवटी एकूण आकारमानाच्या ५ टक्के डीएमएसओ घालून चुंबकी ढवळणीवर तासभर ढवळायचं. काच साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपाइल अल्कोहोल या क्रमानं धुऊन यूव्ही-ओझोनमध्ये ठेवली की द्रव एकसारखा पसरतो. ओतल्यावर काच सपाट आहे का ते लेव्हलनं तपासावं आणि ५०-६० अंशांवर झाकण अर्धवट ठेवून सावकाश वाळू द्यावं. घाई केली तर द्रव कडेकडे ओढला जातो. कडा जाड आणि मधला भाग पातळ राहतो, किंवा सरळ भेगा पडतात. वाळल्यानंतर १३० ते १४० अंशांवर २० मिनिटं, म्हणजे अडकलेलं पाणी आणि डीएमएसओ निघून जातं.

मोजमापात पाणी कुठं मुरतं

या क्षेत्रातले फुगलेले आकडे मुद्दाम फुगवलेले असतातच असं नाही. बरेचसे मोजण्याच्या पद्धतीतून येतात, म्हणून या भागाकडे फिल्म करण्याइतकंच लक्ष द्यायला हवं.

वाहकता चार सुयांच्या प्रोबनं मोजतात. व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३ केलं की शीट रोध मिळतो. तो २ ओहम आणि जाडी १० मायक्रॉन असेल तर वाहकता ५०० सिमेन्स प्रति सेंमी. ४.५३ हा आकडा फिल्म सुयांमधल्या अंतराच्या मानानं खूप मोठी असेल तेव्हाच लागू होतो. खरी चूक होते जाडीत. खडबडीत फिल्मवर प्रोफायलोमीटरची, म्हणजे पृष्ठभागाचे उंचसखल भाग मोजणाऱ्या यंत्राची, सुई उंचवट्यांवरून जाते, तर मायक्रोमीटर सच्छिद्र फिल्म दाबून टाकतो. फिल्म तोडून तिचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चार-पाच ठिकाणी मोजणं सर्वांत भरवशाचं.

सीबेक गुणांकाचा सूत्रात वर्ग येतो, त्यामुळे त्यात १० टक्के चूक झाली तर पॉवर फॅक्टर २१ टक्क्यांनी चुकतो. साधा मल्टीमीटर इथे कामाचा नाही. १० अंश फरकाला मिळणार अर्धा मिलिव्होल्ट, आणि २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर त्याची सर्वांत बारीक पायरी ०.१ मिलिव्होल्टची. मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. एका फरकाला एकच वाचन घेण्याऐवजी १ ते ५ अंशांमध्ये पाच-सहा वाचनं घेऊन त्यांच्या रेषेचा उतार काढावा, म्हणजे तारांमधला कायमचा ऑफसेट निघून जातो. तांब्याच्या तारेचा स्वतःचा सीबेक, सुमारे १.८, हिशेबात धरावा. विद्युतसंपर्क लहान आणि नमुन्याच्या अगदी टोकांना असावेत. ते रुंद असतील तर तापमान एका ठिकाणचं आणि व्होल्टेज दुसऱ्या ठिकाणचा मोजला जातो.

आता दमट हवा. पीएसएस पाणी शोषून घेतं आणि त्या ओलाव्यात प्रोटॉन फिरू लागतात. तापमानाचा फरक दिला की तेही थंड टोकाकडे सरकतात आणि मोठा व्होल्टेज दाखवतात. पण प्रोटॉन बाहेरच्या तारेतून जाऊ शकत नाहीत, टोकाशी साचतात. म्हणून लोड जोडला की हा व्होल्टेज हळूहळू ओसरतो. तो सीबेकमध्ये धरला तर पदार्थ आहे त्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो. मुंबई किंवा पणजीत जुलै महिन्यात उघड्या टेबलावर केलेलं मोजमाप या कारणासाठी ग्राह्य धरू नये. नमुना कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवून, वाचन स्थिर होईपर्यंत थांबून मग नोंद घ्यावी.

आणि सर्वांत मोठी मेख उष्णतावाहकतेची. नळ्या फिल्मच्या प्रतलात आडव्या पडलेल्या असतात. वीज आणि सीबेक आपण त्याच आडव्या दिशेनं मोजतो, पण उष्णतावाहकता जाडीच्या दिशेनं मोजणं सोपं असल्यानं अनेकदा तीच मोजली जाते. ती बरीच कमी येते, कारण उभ्या दिशेला सांधेच सांधे असतात. वरच्याच फिल्मसाठी ०.७५ ऐवजी उभ्या दिशेचं ०.३ घेतलं की झेडटी ०.०५ वरून ०.१२५ होतो, फिल्म मात्र तीच. पडताळा घ्यायला एक सोपा हिशेब आहे. विद्युतवाहकतेवरून भारांनी नेलेली उष्णता सांगणाऱ्या विदेमान-फ्रान्झ नियमानुसार ५०० सिमेन्स प्रति सेंमी वाहणारे भार खोलीच्या तापमानाला ०.३७ वॅट प्रति मीटर-केल्विन एवढी उष्णता स्वतःच नेतात. सेंद्रिय पदार्थांत हा नियम तंतोतंत पाळला जातोच असं नाही, पण एकूण उष्णतावाहकता याहून कमी सांगितली असेल तर ती कुठल्या दिशेनं मोजली हे आधी विचारावं. कुठलाही शोधनिबंध वाचताना पॉवर फॅक्टरवर जास्त भरवसा ठेवावा, झेडटीवर कमी.

दुसरा पाय

जनरेटरला दोन प्रकारचे पाय लागतात: एकात धन भार वाहतात, त्याला पी म्हणतात, दुसऱ्यात ऋण, तो एन. नॅनोट्यूब हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप पी होतात, पेडॉटही पीच. एन करायला नळ्यांवर पॉलिएथिलिनइमाइनसारखं इलेक्ट्रॉन देणारं पॉलिमर चढवतात. सीबेक ऋण होतो, पण ऑक्सिजन परत आत शिरतो आणि काही दिवसांत-आठवड्यांत फिल्म ढिली पडू लागते, गरम असताना आणखी लवकर. क्राउन ईथरच्या क्षारांनी डोप केलेल्या नळ्या बऱ्याच जास्त टिकतात. झटपट चाचणी हवी असेल तर मीटरची लाल सुई गरम टोकाला लावावी: वाचन ऋण आलं तर पी, धन आलं तर एन. टिकाऊपणाच महत्त्वाचा असेल तर सगळे पाय पी ठेवून एकाचं गरम टोक पुढच्याच्या थंड टोकाला चांदीच्या शाईनं जोडणं हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी असल्यानं उघडं तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम संपर्काला घेऊ नये, ते गंजतं.

प्रत्यक्ष जनरेटरचा हिशेब

एक पाय २० मिमी लांब, ५ मिमी रुंद, १० मायक्रॉन जाड. सीबेक ५०, वाहकता ५००. २० अंशांच्या फरकाला मिळतो १ मिलिव्होल्ट, अंतर्गत रोध ८ ओहम. असे ५० पाय जोडले की ५० मिलिव्होल्ट आणि ४०० ओहम, म्हणजे लोड बरोबर जुळवला तर दीड मायक्रोवॅट.

इथे बरेच प्रकल्प अडतात. २० मिलिव्होल्टवर सुरू होणाऱ्या, व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्टर चिप मिळतात, आणि ५० मिलिव्होल्ट आहेत म्हणून ती जोडली जाते. चिप काही सुरू होत नाही. अशा चिपचा इनपुट रोध काही ओहमच असतो, तर आपल्या जनरेटरचा ४००. तो ३ ओहम धरला तर जवळजवळ सगळा व्होल्टेज जनरेटरच्या आतच खर्ची पडतो आणि चिपच्या वाट्याला अर्धा मिलिव्होल्टसुद्धा येत नाही. याला संपर्क रोधाची भर पडते: चांदीच्या शाईच्या प्रत्येक जोडाला अर्धा ओहम धरला तरी १०० जोडांचे ५० ओहम होतात.

पाय आखूड करून रोध कमी होतो, पण मग तापमानातला फरकही टिकत नाही. जाडी वाढवणं हा खरा उपाय. १० ऐवजी १०० मायक्रॉन केले तर रोध ४० ओहमवर येतो आणि पॉवर दहापट होते. जाड फिल्म एकदम ओतली तर तडकते, म्हणून थरावर थर देऊन प्रत्येक थर पूर्ण वाळवावा, किंवा निर्वात गाळणीनं जाड पापुद्रा करावा.

जाडीचा दुसरा फायदा आधाराच्या प्लास्टिकशी निगडित आहे. २५ मायक्रॉनच्या कॅप्टॉन या प्लास्टिक पापुद्र्याची उष्णतावाहकता ०.१२ असते. त्यावर १० मायक्रॉनची ०.७५ वाली फिल्म असेल तर एकूण उष्णतेतली २९ टक्के काहीही वीज न करता कॅप्टॉनमधून निघून जाते. १०० मायक्रॉनच्या फिल्मला हीच गळती ४ टक्क्यांखाली येते.

अंगावर घालायच्या पट्ट्यांबाबत बरंच बोललं जातं, पण त्वचा आणि हवा यांच्यात दिसणाऱ्या आठ-दहा अंशांपैकी पातळ फिल्मच्या वाट्याला एक-दोनच येतात. बाकीचा फरक त्वचेलगतच्या संपर्कात आणि बाहेरच्या स्थिर हवेच्या थरात संपतो. पहिला प्रयोग करायचा असेल तर गरम पाण्याची पाइप घ्यावी. पट्ट्यांचं एक टोक पाइपला घट्ट चिकटवावं, दुसरं हवेत पंख्यासारखं बाहेर काढावं, मधल्या भागाला फोमचं आवरण द्यावं. दोन्ही टोकांना थर्मोकपल लावून खरा फरक किती टिकतो ते आधी बघावं, आणि किती पाय लावायचे हे त्या आकड्यावरून ठरवावं.